इंग्रज, कोरिया आणि खरवडलेला दगड

भाचीला सोलला जायचं होतं ते तिच्या आवडत्या बँडच्या गावात हिंडायला. ताईला ती एकटी जायला नको होती. मी नुकती निवृत्त झालेले, पासपोर्ट कोरा. असा हा योग जुळला. सई दोन वर्षं ऑनलाइन कोरियन शिकतेय. मी एकतीस वर्षं एका मराठी दैनिकात मुद्रितं तपासली. तिला गाणी, कपडे आणि चेहऱ्याला लावायची सतरा प्रकारची क्रीमं हवी होती. मला काय हवंय ते निघायच्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. मग १९०८ च्या टिळक खटल्याविषयी काहीतरी वाचताना त्याच उन्हाळ्यात सोलमध्ये खटला भरलेल्या एका इंग्रज संपादकाचं नाव समोर आलं, आणि मी पाठकोऱ्या कागदावर यादी करायला बसले: कोरियात इंग्रजांनी मागे काय ठेवलं?

सईने यादी पाहिली. "मावशी, कोरियाला जाऊन इंग्रज बघणार तू?"

दिवस पहिला: भिंत

हाँगकाँगमार्गे रात्रभर प्रवास, गेस्ट हाऊसवर दोन तास झोप, आणि दुपारी दॉक्सुगुंग राजवाडा. तिकीट फक्त १००० वॉन. आत लाकडी दालनं, रंगीत छपरं, आणि मधेच एकदम ग्रीक धाटणीचे खांब उभे! मुंबईच्या टाऊन हॉलची धाकटी बहीणच. ही सॉकजोजॉन, म्हणजे नुसतं 'दगडी दालन'. आराखडा जॉन रेजिनाल्ड हार्डिंग या इंग्रजाचा. काम १९०० मध्ये सुरू झालं, १९१० मध्ये संपलं आणि त्याच वर्षी जपानने देश खालसा केला. घर तयार झालं तेव्हा राज्य उरलं नव्हतं. आत जायला आधी नाव नोंदवावं लागतं. आम्ही नोंदवलं नव्हतं, त्यामुळे पायऱ्यांवर बसून खांब बघितले.

राजवाड्याच्या दगडी भिंतीला लागून सुमारे १.१ किलोमीटरची वाट आहे. जोडप्याने या वाटेने चालू नये, फारकत होते, असं सोलमध्ये म्हणतात. कारण साधं आहे: कौटुंबिक न्यायालय पूर्वी याच बाजूला होतं, काडीमोड घ्यायला येणारे याच वाटेने येत. मला या वाटेचं आकर्षण वेगळं होतं. तिचा १७० मीटरचा तुकडा ब्रिटिश वकिलातीमुळे १९५९ पासून बंद होता. १८८३ मध्ये कोरिया आणि ब्रिटनचा करार झाला आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राजवाड्याच्या कुशीत ही जागा घेतली. अनेक वर्षं बोलणी चालली तेव्हा कुठे २०१७ च्या ऑगस्टमध्ये १०० मीटर खुले झाले. उरलेले ७० वकिलातीच्या मालकीचे. तिथे तोडगा असा निघाला की वाट भिंतीच्या पलीकडून, राजवाड्याच्या आतून न्यायची. ती २०१८ च्या डिसेंबरमध्ये उघडली. म्हणजे आपण वकिलातीच्या कडेने येतो, भिंतीतल्या दारातून राजवाड्यात शिरतो, थोडं चालून पुन्हा बाहेर पडतो. आपल्याकडे दोन भावांनी वाटणीत घराला दार पाडावं तसं. राजवाडा सोमवारी बंद, म्हणून तेवढी वाटही सोमवारी बंद.

तिला खेटूनच अँग्लिकन कॅथीड्रल. लांबून युरोपातलं वाटतं. जवळ गेलं की छपरावर कोरियन कौलं दिसतात. आर्थर डिक्सन यांचा आराखडा, बिशप मार्क ट्रॉलॉप यांची खटपट. पायाभरणी १९२२ मध्ये झाली. १९२६ मध्ये पैसे संपले म्हणून आहे तेवढ्यावरच प्रतिष्ठापना उरकली. सत्तर वर्षं चर्च अर्धं होतं. नव्वदच्या दशकात मूळ आराखडा इंग्लंडमध्ये सापडला आणि १९९६ मध्ये ते जुन्या कागदाबरहुकूम पूर्ण झालं. जुना दगड कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते मी बराच वेळ शोधत होते. सवयच ती, जोड शोधायची. नाही सापडला. १९८७ च्या जूनमध्ये हुकूमशाहीविरुद्धचं आंदोलन पेटलं, त्याची हाकही याच आवारातून गेली होती.

शेवटचा मुक्काम जुंगम्यॉंगजॉन, लाल विटांची दुमजली इमारत. चपला काढून आत जायचं. १७ नोव्हेंबर १९०५ रोजी इथे जपानने कोरियाचा परराष्ट्र कारभार हिसकावून घेणारा करार करवून घेतला. टेबलाभोवती बसलेल्या मंत्र्यांचे पुतळे करून ठेवलेत. मला मात्र त्याच्या तीन महिने आधीचा, १२ ऑगस्ट १९०५ चा लंडनमधला कागद आठवत होता. इंग्लंड आणि जपान यांच्या दोस्तीचा करार. तिसऱ्या कलमात इंग्लंडने जपानचा कोरियावरचा वरचष्मा मान्य केला. चौथ्या कलमात जपानने हिंदुस्थानच्या सरहद्दीबाबत इंग्लंडचा अधिकार मान्य केला. आपण आणि कोरिया, एकाच पानावर, लागोपाठच्या कलमांत. त्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर मोज्यांनी उभी राहून मी हे सईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपली एक्सचेंज ऑफर." मी काय बोलणार!

रात्री एका छोट्या खानावळीत गेलो. सईने वाढणाऱ्या बाईंना हाक मारली, "इमो!" इमो म्हणजे आईची बहीण. खानावळीतल्या बायकांना इथे सगळेच इमो म्हणतात, जसं आपण कँटीनमधल्या बाईंना मावशी म्हणतो. मी दचकून वर पाहिलं, आणि वाढणाऱ्या बाईंनीही. दोन्ही मावश्या हसलो. किमची तिसऱ्यांदा फुकट आली.

दिवस दुसरा: यांगह्वाजिन

हापजॉंग स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर परदेशी लोकांची दफनभूमी आहे, यांगह्वाजिन. १८९० पासूनची. आपल्या फोनातला नेहमीचा नकाशा कोरियात पायी वाट दाखवताना फारसा कामाचा नाही. सईने इथलं नेव्हर मॅप उतरवून घेतलं होतं म्हणून पोचलो.

अर्नेस्ट बेथेल हा ब्रिस्टलचा, जन्म १८७२. मिसरूड फुटायच्या वयात जपानमध्ये कोबेला गेला, तिथे व्यापार केला. १९०४ मध्ये रशिया-जपान युद्धाच्या बातम्या पाठवायला एका लंडनच्या पत्राचा वार्ताहर म्हणून कोरियात आला. ती नोकरी टिकली नाही. मग परत जायचं सोडून या गृहस्थाने त्याच वर्षी यांग गी-ताक या कोरियन साथीदाराबरोबर वर्तमानपत्र काढलं: 'देहान मेइल सिन्बो', आणि जोडीला इंग्रजी आवृत्ती. जपान्यांची तपासणी कोरियन पत्रांवर चाले. इंग्रज मालकाच्या पत्रावर चालत नसे, कारण इंग्रज माणूस इंग्रज कोर्टाखेरीज कुणाला जबाबदार नव्हता. साम्राज्याने आपल्या लोकांसाठी करून घेतलेली ही सवलत बेथेलने दुसऱ्यांच्या कामी लावली.

१९०७ मध्ये जपानचं कर्ज लोकवर्गणीतून फेडायची चळवळ निघाली. पुरुषांनी तंबाखू सोडून पैसे दिले, बायकांनी दागिने दिले, आणि वर्गणी गोळा करण्यात हे पत्र पुढे होतं. वाचताना मला आपला पैसा फंड आठवला. साल साधारण तेच, रीतही तीच.

जपानने इंग्लंडकडे तक्रार केली. दोस्ताची तक्रार, ती काय कानाआड करणार? १९०७ मध्ये चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेऊन सोडलं. १९०८ च्या जूनच्या मध्यावर पुन्हा उभं केलं. खटला चालला तो सोलमधल्या इंग्रज वकिलातीतच, म्हणजे काल आम्ही जिच्या भिंतीवरून वळसा घेतला तिच्या आवारात. शिक्षा तीन आठवडे कैद, भोगायला शांघायला रवानगी. त्याच महिन्याच्या २४ तारखेला मुंबईत टिळकांना अटक झाली. 'केसरी'तल्या लेखांबद्दल जुलैमध्ये खटला, सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा, आणि मग मंडाले. दोन संपादक, एकच उन्हाळा, एकच सरकार. साहेबाला तीन आठवडे आणि नेटिव्हाला सहा वर्षं, हा हिशेब तेवढा वेगळा. आणि तरी तीन आठवडे भोगून आलेला बेथेल १ मे १९०९ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, हृदयविकाराने गेला. टिळक मंडालेहून परत आले. बेथेलच्या मृत्यूची तारीख वाचून सई म्हणाली, "महाराष्ट्र दिन की!"

कबर उतारावर आहे. उंच शिळा. समोरून सगळं ठीक. मी सवयीने मागे गेले, कारण मुद्रितं तपासणारा माणूस पानाची पाठ बघतोच. तिथे अक्षरंच नाहीत. शिळा उभारली १९१० मध्ये, पाठीवरचा मजकूर जांग जी-यॉन या पत्रकाराने लिहिलेला. पुढे जपानी राजवटीत तो खरवडून काढला गेला. छिन्नीचे घाव अजून स्पष्ट आहेत: तिरपे, आखूड, एकावर एक. गुळगुळीत करायची तसदी कुणी घेतली नाही. बोट फिरवलं तर खडबडीत लागतं. एका ठिकाणी घाव खोल गेलाय, तिथे मातीचा कण अडकून शेवाळाचा हिरवा ठिपका धरलाय.

१९६४ मध्ये कोरियन पत्रकारांनी वर्गणी काढून तोच मजकूर पुन्हा कोरला. पण मोठ्या शिळेवर नाही! शेजारी एक लहान दगड उभा करून त्यावर. खरवडलेली पाठ होती तशी ठेवली. चुकीवर पट्टी चिकटवायची की चूक दिसू देऊन समासात दुरुस्ती लिहायची, हा आमच्या खात्यातला जुना वाद. माझं मत नेहमी समासाच्या बाजूने. मी तिथे उगीचच आनंदले.

जवळच होमर हल्बर्ट या अमेरिकनाची कबर आहे. तिच्यावर लिहिलंय की वेस्टमिन्स्टर ॲबीपेक्षा मला कोरियात पुरलेलं आवडेल. हा माणूस १९४९ मध्ये म्हातारपणी सोलला परतला आणि आठवड्याभरात गेला. हट्ट पुरा केला म्हणायचा.

सई बराच वेळ गप्प होती. मग तिने फोन काढून लहान दगडावरचा कोरियन मजकूर अक्षर लावत वाचायचा प्रयत्न केला. जुनी चिनी अक्षरं आल्यावर अडखळली. "इमो, हे आम्हाला शिकवलंच नाही."

दिवस तिसरा: सईचा दिवस

हा दिवस तिच्या नावावर होता. सकाळी भाड्याचा हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख घालून ग्योंगबोकगुंग राजवाडा (हानबोक घातला की प्रवेश फुकट, एरवी ३०००), दुपारी होंगदेची बाजारपेठ, क्रीमं, पुन्हा क्रीमं. मलाही हानबोक घातला. नऊवारीपेक्षा सोपा, पण चालताना पुढचा घोळ पायात येतो.

जेवताना सईने सांगितलं की २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात एका दमात २६ कोरियन मूळ असलेले शब्द घातले. ओप्पा, उन्नी, नूना ही नाती आली, आणि बांचान म्हणजे जेवणाबरोबरच्या त्या इवल्या वाट्याही. मुलीने मोठ्या बहिणीला म्हणायचं उन्नी, मुलाने म्हणायचं नूना. इंग्रजाला दोघी नुसत्या सिस्टर. आता शिकू देत थोडी नाती.

संध्याकाळी दोंगदेमुन. समोर जुनी पूर्व वेस आणि पलीकडे झाहा हदीद या लंडनच्या वास्तुरचनाकार बाईंनी बांधलेलं डिझाइन प्लाझा, २०१४ चं. कोपरा म्हणून नाहीच. ४५,१३३ ॲल्युमिनियमचे पत्रे जोडलेत. सई म्हणाली यान उतरलंय. मला उलटी ठेवलेली चकचकीत परात दिसली.

माझ्या यादीत याच वेशीसाठी वेगळंच नाव होतं: एलिझाबेथ कीथ. स्कॉटलंडची चित्रकार. १९१९ च्या मार्चमध्ये कोरियात स्वातंत्र्याचे मोर्चे निघाले, गोळ्या चालल्या, आणि त्यानंतर लगोलग ही बाई बहिणीबरोबर इथे आली. बाजार, लग्नं, म्हातारे विद्वान, तुरुंगातून सुटून आलेली विधवा असं सगळं तिने काढलं आणि जपानी पद्धतीच्या लाकडी ठशांवर छापलं. १९२१ मध्ये सोलमध्येच तिचं प्रदर्शन भरलं. चांदण्यातल्या पूर्व वेशीचं तिचं चित्र मी फोनवर उघडलं आणि वेशीसमोर धरलं. चित्रात गडद निळं आकाश आणि शांत रस्ता. समोर बस, दिव्यांचा झगमगाट, चुरो (तळलेल्या गोड कांड्या) विकणारा मुलगा. छपराची वर वळलेली कड मात्र अगदी तीच. जपान्यांच्या हातच्या ठशांतून कोरियन माणसं जगापुढे गेली, तीही त्या वर्षांत. या बाईने हे कसं जमवलं असेल याचा विचार करत मी चुरो खाल्ला.

दिवस चौथा: आनदोंग

सोलमधल्या छंगन्यांगनी स्टेशनहून गाडीने दोन तास. सई गुणगुणत होती ते त्यांचं राष्ट्रगीत. शब्द तेच असले तरी पूर्वी ते स्कॉटिश 'ऑल्ड लँग साइन'च्या चालीवर म्हणत. आताची चाल आन इक-ते या संगीतकाराची, १९४८ पासून अधिकृत. तिला म्हटलं, जुन्या चालीवर म्हणून बघ. तिने म्हटलं. मीटर चपखल बसतं. समोरच्या आजोबांनी डोळे उघडले, ऐकलं आणि पुन्हा मिटले.

हाहवे हे र्यू घराण्याचं गाव, नदीच्या वेढ्यात. २०१० पासून जागतिक वारसा. २१ एप्रिल १९९९ रोजी राणी एलिझाबेथ इथे आली, नेमक्या ७३ व्या वाढदिवशी. कोरियन रीतीने ४७ पदार्थांचं ताट मांडलं होतं. एका जुन्या वाड्यात शिरताना तिने बूट काढले, आणि तो फोटो सगळीकडे छापून आला. अंगणात तिने लावलेलं फरचं झाड आहे. लोक झाडापेक्षा पाटीचे फोटो जास्त काढतात. साहेबाच्या राणीने उंबऱ्याबाहेर पायताण काढलं याचं कौतुक मला पटकन कळलं. लंडनमधल्या कुणाला समजावायला वेळ लागेल.

दुपारी मुखवट्यांचा खेळ. हा खरा माल! गोंधळी, बहुरूपी, तमाशातला सोंगाड्या, सगळे एका मैदानात. खाटीक बैल मारतो आणि त्याचं नको ते अंग विकायला आणतो. ताकद येते म्हणताच जमीनदार आणि पंडित त्याच्यावर झडप घालतात, ओढाओढी. गावकऱ्यांनी गावच्या सरदारांची टर उडवायची आणि खर्च सरदारांनीच करायचा, असा हा शेकडो वर्षांचा करार. मुखवट्याचा जबडा दोरीने बांधलेला: मान वर केली की हसतो, खाली घातली की रागावतो. राणीनेही इथे मुखवट्यांचा नाच पाहिला होता. तो हाच प्रवेश होता का, हे विचारायला सई निघाली होती. मी तिचा हात धरला.

जेवायला इथला प्रसिद्ध खारवलेला मासा. ताटात आला तर काय, बांगडा! आनदोंग समुद्रापासून लांब. पूर्वी किनाऱ्यावरून मासा आणायला दोन दिवस लागत, म्हणून तो मीठ लावून आणत, आणि तीच चव पुढे लौकिक झाली. उभा चिरून पसरलेला, कातडी भाजून फुगलेली, कडेला काळपट. तिखट-हळद काही नाही. रत्नागिरीची मी, पहिल्या घासाला कोकम शोधलं, दुसऱ्या घासाला विसरले.

दिवस पाचवा: गांगह्वा

सोलच्या वायव्येला हे बेट आहे. बसने दोनेक तास लागतात, म्हणजे बरोबर बस पकडली तर. आम्ही उलट दिशेची पकडली आणि पाऊण तास घालवला.

टेकडीवर चढल्यावर आधी देवळाचा दरवाजा, त्यावर रंगवलेलं ताएगुक, कोरियन झेंड्यावर असतं ते वर्तुळ. आत घंटाघर, देवळातल्यासारखी मोठी घंटा. मग दुमजली कौलारू इमारत, खांबांवर चिनी अक्षरांच्या पट्ट्या. कुणीही म्हणेल बौद्ध मंदिर. छपराच्या टोकाला क्रूस दिसेपर्यंत! इंग्रज मिशनऱ्यांनी बांधलेलं हे अँग्लिकन चर्च, १९०० सालचं. खटपट त्याच ट्रॉलॉप यांची, तेव्हा ते बिशप व्हायचे होते. बाहेरून पूर्ण कोरियन वाडा, आत शिरलं की रोमन बॅसिलिका: मधे उंच दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, वरच्या खिडक्यांतून उजेड. सुतारांनी आपल्या हाताचं काम केलं आणि पाद्र्यांनी आपली मांडणी राखली. अहमदनगरकडे ख्रिस्ती मंडळी अभंगाच्या चालीवर भजनं म्हणतात, ती मला इथे ऐकू आल्यासारखी झाली. बाप्तिस्म्याचं दगडी कुंड आहे, त्यावर चिनी अक्षरं: स्वतःला घडव, मन धू, वाईट सोड, चांगलं कर. कन्फ्यूशियस वाचून आलेल्या माणसालाही यात परकं काही वाटू नये.

मूळ घंटा जपानने युद्धात धातूसाठी नेली. आताची १९८९ ची. पायऱ्यांचे लोखंडी कठडेही तेव्हाच गेले. ते २०१० मध्ये जपानच्याच अँग्लिकन मंडळींनी पुन्हा करून दिले. उतरताना मी त्या कठड्याला धरूनच उतरले, गुडघ्यांमुळे.

पण त्याआधी झाड. आवारात एक मोठा वृक्ष आहे. ट्रॉलॉप यांनी १९०० च्या सुमारास हिंदुस्थानातून बोधिवृक्षाचं रोप आणून लावलं, असं इथे सांगतात. आम्ही भारतातल्या आहोत हे कळल्यावर तिथे झाडलोट करणाऱ्या आजी मला दंडाला धरून झाडाकडे घेऊन गेल्या. "इंदो, इंदो," म्हणत खोडावर थाप मारली. मी पान हातात घेतलं. बदामाचा आकार, हो. पण कड दातेरी, आणि पिंपळपानाची ती लांब शेपटी नाहीच. शिवाय गांगह्वाच्या थंडीत पिंपळ कसला तगतोय! कोरियन मठांतून बोधिवृक्ष म्हणून लावतात तो लिंडनचा प्रकार हा, माझी खात्री झाली.

आजी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सईने हळूच विचारलं, "काय सांगू त्यांना?"

"सांग, आमच्या घरासमोरही असंच एक आहे."

सईने सांगितलं. आजींनी पुन्हा खोडावर थाप मारली आणि खराटा घेऊन पानं लोटायला लागल्या. चारची बस होती, आम्ही धावलो.